लोकरीवरची शाई



मागच्या अंकात आम्ही उन्हाळी वाळवणांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीने वेगळाच प्रश्न विचारला आहे. ‘बैठकीतल्या लोकरी गालिच्यावर मुलाने शाईची बाटली सांडली. पंधरा दिवस झाले. साबण, लिंबू, दूध सगळे लावून झाले. डाग हटत नाही. आता काय करू?’

पत्र वाचून आम्ही दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिले. हाच प्रकार दोन वर्षांपूर्वी साक्रीत आमच्या स्वतःच्या घरात घडला होता, आणि जे जे करू नये ते सगळे तेव्हा आम्ही करून बसलो होतो. म्हणून आज आधी आमची चूक सांगतो, मग उपाय.

आमच्या बैठकीत एक भदोहीचा गालिचा आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर भागात हाताने गाठी मारून विणलेले लोकरी गालिचे तयार होतात. २०१० साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे सासरे शाळामास्तर होते. निवृत्तीच्या पैशांतून स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी एवढी एकच वस्तू घेतली. ते अल्लाहला प्यारे झाल्यापासून अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, त्या गालिच्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर बसून तसबीह पढतात. ईद आणि पाहुणे सोडले तर त्यावर कुणी पाय देत नाही.

त्याच गालिच्यावर आमची सहावीतली पोर हस्ताक्षर स्पर्धेचा सराव करत बसली. शाईच्या पेनात शाई भरताना बाटली कलंडली. घरात तेव्हा कुणी नव्हते. घाबरून तिने डागावर लोड ओढला आणि गप्प बसली. नऊ दिवसांनी, रमजानपूर्वीच्या साफसफाईत लोड उचलला, तेव्हा खाली तळहाताएवढा निळा डाग वाळून बसला होता.

मग आम्ही सुरू झालो. एकीने पातेलेभर कढत पाणी आणले. दुसरीने लिंबू पिळले. दोघींनी मिळून कपड्यांचा ब्रश घेऊन जोर लावून घासले. अर्ध्या तासात तळहाताएवढा डाग ताटाएवढा झाला, आणि त्या जागेवरची लोकर गुंतून चपटी पडली. तरी शहाणपण आले नाही. एका कडेला थोडे ब्लीच टाकून पाहिले. तिथला निळा रंग गेला, पण लोकर पिवळी पडली आणि बोटाने ओढताच तुटू लागली. अम्मी दारात उभ्या राहून हे सगळे पाहत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वृद्ध रंगारी चाचांना बोलावले. आयुष्यभर त्यांनी सूत आणि लोकर रंगवली. त्यांनी डाग पाहिला, आम्ही काय काय केले ते ऐकले आणि म्हणाले, “बेटी, तुम्ही शाई काढलीच नाही. तुम्ही गालिचा रंगवला.”

हे एक वाक्य नीट समजले की बाकीचे सगळे सोपे जाते.

रंगाऱ्याचे काम उलटे करायचे

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांसारखीच ती प्रथिनांची बनलेली असते. रंगारी लोकर रंगवतो तेव्हा तो काय करतो? रंग पाण्यात घालतो, त्यात आंबट काहीतरी टाकतो आणि पाणी तापवतो. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की रंग लोकरीला घट्ट धरतो. शाळेच्या निळ्या शाईत वापरले जाणारे बरेचसे रंग याच जातीचे असतात. आम्ही लिंबू आणि कढत पाणी ओतले, म्हणजे रंगाऱ्याच्याच कृतीने शाई पक्की केली.

शिवाय लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घासणे एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर आळते. नमदा करण्याची हीच तर रीत आहे. नमद्यासाठी ती गुणाची; गालिच्यावर तीच कृती केली तर तो जागच्या जागी बिघडतो.

लोकरीचे आणि शाईचे नाते तसे जुने आहे. पूर्वी बोरूने तख्तीवर लिहीत, तेव्हा दौत कलंडली तरी शाई सांडू नये म्हणून दौतीत एक बोळा घालून ठेवत. त्याला ‘सूफ’ म्हणत, आणि सूफ या शब्दाचा मूळ अर्थच लोकर. जी वस्तू शाई धरून ठेवते, तिच्यातून शाई सोडवायची तर सबुरी लागणारच.

आपल्या साक्री तालुक्याला लोकर नवी नाही. ठेलारी धनगरांचे मेंढ्यांचे कळप रस्त्याने जाताना आपण लहानपणापासून पाहिले आहेत, आणि घोंगडी बहुतेकांच्या घरात होती. घोंगडी कुणी उकळत्या पाण्यात टाकत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. गालिचा दिसायला शाही, म्हणून आपण विसरतो की तोही त्याच मेंढीचा आहे.

आधी दोन गोष्टी ओळखा

पहिली, गालिचा खरेच लोकरीचा आहे का. उलट बाजूने किंवा कडेने एकच तंतू ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली गेली, तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. बाजारात ‘काश्मिरी’, ‘इराणी’ म्हणून विकले जाणारे बरेच गालिचे प्रत्यक्षात कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांना निराळे उपाय चालतात, त्याविषयी पुन्हा कधीतरी.

गालिचा उलटाही करून पाहा. मागे गाठी आणि नक्षी स्पष्ट दिसली तर तो हाताने विणलेला. मागे कापड चिकटवलेले असेल तर आत डिंकासारखा थर असतो. स्पिरिटने तो सुटू शकतो. तिथे हात आखडता ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे शाई कोणती. शाईच्या पेनाची शाई पाण्यात विरघळते. बॉलपेनची तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही. काळी खुशखती शाई काजळी आणि डिंकाची असते. निळी-काळी, म्हणजे ब्लू-ब्लॅक, पक्क्या शाईत लोह असू शकते. प्रत्येकीचा उपाय वेगळा.

काहीही लावण्याआधी गालिच्याच्या झाकलेल्या कोपऱ्यात पांढरे ओले फडके पाच मिनिटे दाबून ठेवा. फडक्यावर गालिच्याचाच लाल किंवा हिरवा रंग उतरला, तर घरी काही करू नका. तो जाणत्या कारागिराकडेच द्या.

पेनाची शाई : आम्ही केलेला उपाय

डाग ताजा असेल तर पाणीसुद्धा नंतर. आधी कोरड्या पांढऱ्या सुती फडक्याने शाई टिपून घ्या. पुसू नका, फक्त दाबा आणि उचला, दर वेळी फडक्याची कोरी बाजू घेऊन. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची स्वतःचीच शाई लागते. सांडल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत टिपलेली शाई पुढचे दहा दिवस वाचवते.

डाग वाळलेला असेल तर असे करा :

१. गालिच्याच्या खाली, डागाच्या बरोबर तळाशी, जुना पांढरा टॉवेल घडी करून ठेवा.

२. थंड पाण्यात फडके बुडवून पिळा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत या. मध्यातून बाहेर गेलात तर डाग पसरतो. मग कोरड्या फडक्याने टिपा. हे वीस-पंचवीस वेळा करावे लागते. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे. त्यात साबण नीट विरघळत नाही, म्हणून आम्ही पिण्याचे फिल्टरचे पाणी घेतले.

३. फडक्यावर निळा रंग येणे थांबले, पण डाग दिसतोच आहे, असे झाले की लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा पातळ साबण एक चमचा घेऊन पेलाभर थंड पाण्यात मिसळा. त्याचा फेस करा आणि फक्त फेस डागावर टिपा. साबणाऐवजी रिठ्याचे गाळलेले पाणीही चालते. मात्र त्याला तपकिरी झाक असते, म्हणून पांढऱ्या किंवा फिक्या गालिच्याला नको. नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा टिपून साबण पूर्ण काढा. राहिलेल्या साबणावर धूळ बसते आणि तिथे नवा डाग तयार होतो.

४. रात्री झोपताना पांढऱ्या सुती कापडाची आठ-दहा पदरी घडी ओलसर डागावर ठेवा, वर एक थाळी आणि थाळीवर खलबत्ता. असे का, तर गालिचा वरून वाळतो तेव्हा तळाशी राहिलेला रंग पाण्याबरोबर लोकरीच्या टोकाकडे चढतो. ‘संध्याकाळी डाग गेला होता, सकाळी परत आला,’ असे ज्या भगिनी लिहितात, त्यांच्याकडे हेच झालेले असते. चढणारा रंग ती घडी शोषून घेते. सकाळी घडीच्या खालच्या पदरावर निळे वर्तुळ दिसेल. ते पाहून आम्हाला पहिल्यांदा हायसे वाटले.

५. हे रोज नवी घडी घेऊन करा. आम्हाला सहा रात्री लागल्या.

६. शेवटी, आता आणखी रंग निघणार नाही अशी खात्री झाल्यावरच, एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी असे मिसळून हलकेच टिपा. लोकरीला थोडा आंबटपणा मानवतो, आणि गालिच्याचे स्वतःचे रंग त्याने टिकतात. हेच व्हिनेगर पहिल्या दिवशी लावले तर शाई पक्की होते.

सुकवताना गालिचा खाटेवर पसरा, म्हणजे खालूनही वारा लागेल. वर पंखा लावा. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो, त्या उन्हात गालिचा टाकला तर लवकर वाळेल खरा, पण रंगही उडतील. सावलीच हवी. पावसाळ्यात हा उद्योग शक्यतो काढू नका. लोकरीखालचा सुती ताणा-बाणा ओला राहिला तर तो कुजतो.

बाकीच्या शाया

बॉलपेनसाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरावे. मेडिकलच्या दुकानात ते मिळते. कापसाचा बोळा ओलसर करून रेषेवर फक्त टेकवा, लगेच कोऱ्या फडक्याने टिपा. बाटलीतून ओतू नका. खिडकी उघडी ठेवा, आणि शेजारी गॅस पेटलेला नको.

इथे काही भगिनींच्या मनात शंका येईल की अल्कोहोल लावलेल्या जागेवर नमाज होईल का. आयसोप्रोपाइल हे पिण्याचे मद्य नव्हे. ते द्राक्षे किंवा खजूर आंबवून काढत नाहीत, पेट्रोलियमपासून कारखान्यात तयार करतात. ते उडूनही जाते. आम्ही मनाच्या समाधानासाठी नंतर ती जागा तीनदा स्वच्छ पाण्याने टिपून घेतो. तरीही शंका उरली तर आपल्या आलिमांना विचारावे. शाई स्वतः नापाक नाही, त्यामुळे डाग राहिला म्हणून गालिचा उचलून माळ्यावर टाकण्याचे कारण नाही.

ब्लू-ब्लॅक शाईतला निळा रंग निघाल्यावर मागे करडी-तपकिरी छटा उरते. ती लोहाची. फक्त तिच्यासाठी, आणि निळा रंग पूर्ण निघाल्यावरच, लिंबाचा रस पाण्यात मिसळून टिपावा आणि पाच मिनिटांत धुऊन काढावा.

काजळीची काळी शाई कशातच विरघळत नाही. ती पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने वरचे कण झटका, मग साबणाच्या फेसाने उचलत राहा.

आणि मतदानाची शाई. तीत सिल्व्हर नायट्रेट असते, जे उजेडात काळे पडते. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात ती बनते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्याकडे वापरात आहे. ती जाऊ नये म्हणूनच बनवलेली आहे. तेव्हा मतदान करून आल्यावर बोट वाळेपर्यंत गालिच्याला हात लावू नका, यापलीकडे आमच्याकडे उपाय नाही.

हे कधीच नको

ब्लीच नको. लोकरीचा पुंजका ब्लीचमध्ये टाकून ठेवला तर काही वेळात तो विरघळून जातो, हे आम्ही नंतर मुद्दाम करून पाहिले. धुण्याचा सोडा नको. कपड्यांची पावडरही नको. तिच्यात रक्त, दुधासारखे प्रथिनांचे डाग खाणारे एन्झाइम घातलेले असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिनांची आहे. दूध नको. त्याने डाग जात नाही, वास मात्र राहतो आणि कसर लागते. टूथपेस्टने लोकर खरवडली जाते.

आणि कुठे थांबायचे तेही ठरवून ठेवा. फडक्यावर दोन दिवस काहीच रंग आला नाही, तर जे उरले ते लोकरीचे झाले असे समजा. लोकर दाट आणि उंच असेल तर रंगलेली टोके बारीक कात्रीने केसभर छाटता येतात. मोठ्या शहरांत गालिच्याचे रफूगर खराब गाठी काढून नव्या भरून देतात. फिकट डागापेक्षा भोक वाईट दिसते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे उत्तर असे, की बाई, लिंबू आणि दूध थांबवा, आधी थंड पाण्याने दोन दिवस टिपून लिंबू-दुधाचा अंश काढा, मग वरचा क्रम धरा. सगळा डाग जाईल असे वचन देत नाही. बराच जाईल.

आता आमच्या घरातले राहिलेले सांगतो.

सहाव्या रात्रीनंतर डाग आभाळासारखा फिकट उरला. त्याच्या कडेला ब्लीचची पिवळी चिमूट आहे, ती आमच्या घाईची खूण. पोर त्या सहा दिवसांत आमच्यासोबत फडकी पिळायला बसायची, पण बोलायची नाही. शेवटी अम्मींनी तिला जवळ घेऊन विचारले, “तेव्हाच का नाही सांगितलंस गं?”

ती म्हणाली, “दादाजानचा गालिचा आहे ना. तुम्ही रडाल असं वाटलं.”

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी तिला सांगितले की दादाजानच्या काळी शाळेत शाईची पूड पाण्यात कालवून दौती भरत. (मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली ‘हॉर्स’ छापाच्या अशाच पुडी आणि गोळ्या काढल्या, पुढे तीच कॅमलिन कंपनी झाली.) दादाजानच्या सदऱ्याच्या प्रत्येक खिशाखाली निळा डाग असायचा, आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षे अम्मींनी ते डाग धुतले. “एकही पूर्ण गेला नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तरी ते सदरे तो घालायचाच.”

आम्हा दोघींना त्या दिवशी आमचीच गोष्ट उमगली. नऊ दिवस लोडाखाली राहिला म्हणून तो डाग हट्टी झाला. त्याच संध्याकाळी पोर धावत आली असती, तर तासाभराच्या टिपण्याने काम झाले असते. ती का आली नाही, याचे उत्तर आमच्याच आवाजात होते. त्याआधी महिनाभर फुटलेल्या कपबशीवरून आम्ही तिला काय काय बोललो होतो, ते आम्हाला आठवत होते. आता घरात एक नियम आहे. सांडले, फुटले, फाटले तर आधी येऊन सांगायचे. सांगणाऱ्याला त्या दिवशी रागवायचे नाही. आम्ही तो प्रत्येक वेळी पाळतो असे म्हणणार नाही. पण गेल्या महिन्यात मेंदीचा कोन चादरीवर फुटला, तेव्हा पोर दोन मिनिटांत स्वयंपाकघरात हजर होती, हातात पांढरे फडके घेऊनच.

अम्मी आता गालिच्याच्या त्या फिकट निळ्या जागेवर बसतात. खिडकीकडचा कोपरा का सोडला, ते आम्ही विचारले नाही.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, मेंदीच्या त्याच चादरीविषयी.